शीटची मागची बाजू

तिनं उजवा हात कोपरात न वाकवता समोर ताणून धरलाय. मुठीत उभी पेन्सिल, डावा डोळा मिटलेला. पेन्सिलीच्या टोकापासून अंगठा हळूहळू खाली सरकतो आणि एका जागी थांबतो. मग तेवढंच माप ती शेजारच्या दीपमाळेवर एकावर एक चढवत नेते. "साडेतीन," ती स्वतःशीच म्हणते. समोरच्या छोट्या देवळाचं दार साडेतीन वेळा रचलं की दीपमाळेची उंची भरते. कागदावर दोन फिकट खुणा उमटतात आणि हात पुन्हा समोर जातो.

मार्गशीर्षातला रविवार आहे. सात वाजून गेलेत. पंचगंगेवरचं धुकं अजून पाण्याला धरून आहे. शिवाजी पुलाच्या कमानी वरच्या अंगानं दिसतात, पण त्यांचे दगडी पाय पाण्यात कुठं शिरतात ते कळत नाही. खालच्या पायरीवर दोघीतिघी धुणं आपटतायत. तालमीतली पोरं अंगातलं काढून पाण्याचा अंदाज घेत उभी आहेत. घाटाचा काळा दगड दवानं ओला आहे, म्हणून ती पोत्याचा तुकडा अंथरून बसली आहे. माझं घर कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेत. सकाळी घाटावर एक चक्कर मारायची जुनी सवय. तिची-माझी ओळख इथलीच. आज चालणं सोडून मी तिच्या एक पायरी वर बसलोय, आधी तिला विचारून. "बसा की काका," ती म्हणाली, "फक्त थोडा वेळ बोलू नका."

म्हणून मी बघतोय.

ती इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, ई अँड टीसीला. गाव गडहिंग्लजकडचं, राहायला हॉस्टेलवर. बुधवारी सेमिस्टरचा पहिला पेपर आहे. पोत्याशेजारच्या सॅकमधून डिजिटल कम्युनिकेशनच्या झेरॉक्स नोट्स डोकावतायत, त्यांच्यावर पिवळ्या हायलायटरच्या रेघा आहेत. सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात कंपासपेटी, पाण्याची बाटली, एक ब्लेड आणि अर्धा खाल्लेला बिस्किटपुडा. पेन्सिलीला ती शार्पनर लावत नाही. ब्लेडनं तासून शिसं बोटाच्या पेराएवढं लांब मोकळं करते, म्हणजे तीच पेन्सिल उभी धरली की बारीक रेघ मिळते आणि आडवी धरली की रुंद पट्टा.

आता खुणांवरून आकार उभा राहायला लागलाय. आधी दीपमाळेचा मधला अक्ष, मग दोन्ही बाजूंचा निमुळता उतार, मग दिवे ठेवायचे दगडी हात. हे हात सगळे सारखे दिसत नाहीत. काही सरळ आपल्याकडं येतात, ते नुसते ठोकळे वाटतात. कडेचे लांब दिसतात. मागचे दिसतच नाहीत. ती प्रत्येक हातापाशी थांबून वर बघते. खाली कागदाकडं जेवढा वेळ, त्याच्यापेक्षा जास्त वेळ वर. चित्र काढणारा माणूस कच्चा की मुरलेला, हे ओळखायची माझ्याकडं हीच खूण आहे: नजर कुठं जास्त राहते. दीपमाळेला असे-असे हात असतात हे डोक्यात पक्कं असलेला माणूस खाली बघून काढत सुटतो, आणि त्याची दीपमाळ दिवाळीच्या शुभेच्छापत्रावरची होते.

तिची वही विकतची नाही. पहिल्या वर्षाच्या इंजिनिअरिंग ग्राफिक्सच्या शीटा सबमिशननंतर परत मिळाल्या, तेव्हा बाकीच्या मुली त्या रद्दीत घालणार होत्या. हिनं विंगेतल्या सगळ्या गोळा केल्या, एकेकीचे चार तुकडे कापले आणि बाइंडरकडून जाड दोऱ्यानं शिवून घेतले. कागद चांगला जाड, किंचित खरबरीत, शिसं धरून ठेवणारा. ती मागच्या कोऱ्या बाजूवर काढते. पण पान उजेडात आलं की पुढच्या बाजूच्या रेषा आरपार दिसतात. आज दीपमाळेच्या पोटातून एका षट्कोनी प्रिझमचा टॉप व्ह्यू दिसतोय आणि कोपऱ्यात उलट्या अक्षरांतला टायटल ब्लॉक.

"ही माझी नाही," ती पान मला दाखवत म्हणते. न बोलण्याची अट तिनंच मोडली, म्हणून मीही विचारतो, कुणाची मग? "माहीत नाही. पण रेषा माझ्याच आहेत. सगळ्यांनी माझ्या शीटवरून जीटी मारलेली."

ज्यांच्या घरात कुणी इंजिनिअरिंगला नाही त्यांच्यासाठी सांगतो. जीटी म्हणजे ग्लास ट्रेसिंग. दोन टेबलांच्या मध्ये काच टाकायची, खाली बल्ब लावायचा, काचेवर कुणाची तरी पुरी झालेली शीट आणि तिच्यावर आपली कोरी. सबमिशनच्या आदल्या रात्री हॉस्टेलच्या खोल्याखोल्यांत हा उजेड दिसतो. ड्राफ्टर लावून काढायला जी शीट तीन तास खाते, ती पाऊण तासात उतरते. मुली तेव्हा तिला म्हणायच्या, तुझं बरंय, तुला ड्रॉइंग येतं. ते ड्रॉइंग आणि हे ड्रॉइंग यांच्यात किती अंतर आहे हे सांगायला तेव्हा शब्द नव्हते, असं ती म्हणते. आता आहेत, ते ती पायऱ्यांकडं बोट दाखवून सांगते.

त्या शीटांवर समांतर रेषा शेवटपर्यंत समांतर राहतात. आयसोमेट्रिकमधल्या ठोकळ्याची मागची कड पुढच्या कडेइतकीच लांब असते, कारण ते चित्र कुणी कुठूनतरी पाहिलेलं नसतं. कारखान्यातल्या माणसाला माप मिळावं म्हणून ते असतं, आणि त्या कामाला ते चोख आहे. घाटावर तसं चालत नाही. इथं पायऱ्यांच्या कडा दूर जाता जाता एकमेकींकडं झुकतात आणि बसणाऱ्याच्या डोळ्याच्या उंचीवर कुठंतरी जाऊन मिळतात. ती आत्ता उठून उभी राहिली तर सगळ्या रेषांचा कल बदलेल. म्हणजे या कागदावर ती स्वतः हजर आहे. कोणत्या पायरीवर बसली, किती उंचीवरून पाहिलं, हे प्रत्येक रेघेत नोंदलं जातंय. शीटवर तिचा फक्त रोल नंबर होता.

धुकं थोडं वर उचललंय. पुलाच्या दोन कमानी पूर्ण झाल्या. पाण्यावर केंदाळाचा एक हिरवा पट्टा आता स्पष्ट दिसतो, आणि त्याच्यालगत तेलकट तवंग. तो काढायचा की वगळायचा? ती काढते. घाटाच्या चित्रांत नदी नेहमी आरशासारखी स्वच्छ का असते, हे तिला पटत नाही, मलाही नाही.

तांब्याचा हंडा घेऊन खाली चाललेले एक म्हातारबाबा थबकतात. धोतर गुडघ्यापर्यंत खोवलेलं, डोक्याला मफलर.

"काय काढाय लागलीयास गं पोरी?"

"दीपमाळ, मामा."

"कशापायी?"

"असंच. आवडतं."

"परीक्षा आसंल कसली तर."

"परीक्षा हाय, पण ती येगळी. ह्याला न्हाई परीक्षा."

म्हातारबाबा कागदाकडं बघतात, दीपमाळेकडं बघतात, परत कागदाकडं. "वरचा दगूड फुटलाय त्यो बी काढलाईस की," ते म्हणतात आणि पायऱ्या उतरतात. ती माझ्याकडं वळून हसते. आज सकाळचं तिच्या पदरी पडलेलं हे सगळ्यात मोठं सर्टिफिकेट आहे, आणि तिला ते कळलंय.

'ह्याला परीक्षा नाही' हे वाक्य मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. आपल्या महाराष्ट्रात चित्रकला मुलांच्या हातात येते ती परीक्षेच्या बोटाला धरून. आधी एलिमेंटरी, मग इंटरमिजिएट. कला संचालनालयाच्या या परीक्षांसाठी चित्रकलेचे सर शाळा सुटल्यावर जादा तास घेतात. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन. तांब्या, त्याच्याशेजारी दोन वांगी, मागं चुण्या पाडलेला पडदा. खेड्यापाड्यांतल्या शाळांतूनसुद्धा मुलं या परीक्षांना बसतात. छायाप्रकाश, रंगांची मिसळण, नजरेनं प्रमाण घेणं हे सगळं तेराव्या-चौदाव्या वर्षी शिकतात. मग इंटरमिजिएटच्या श्रेणीचे वाढीव गुण दहावीच्या निकालात मिळतात, आणि निकाल लागला की रंगपेटी माळ्यावर जाते. इतका भक्कम पाया घालायचा आणि जोत्यावर पहिली वीट चढायच्या आत काम थांबवायचं, हे आपण वर्षानुवर्षं करत आलोय. याचं मला मनापासून वाईट वाटतं. मुलांचा यात काही दोष नाही. ज्या गोष्टीसाठी आपण त्यांना पेन्सिल दिली ती गोष्ट संपली, एवढंच त्यांना दिसतं.

हिच्याही हातून अकरावी-बारावीत पेन्सिल सुटलीच होती. सीईटीची दोन वर्षं. रफ वहीच्या समासात कुठं एखादा डोळा, कुठं मास्तरांचा हात, तेवढंच. हॉस्टेलवर आल्यावर एका रात्री मेसमधून परतताना कॉटवर झोपलेली रूममेट तिला दिसली आणि हातात होतं ते बॉलपेन चालायला लागलं. तेव्हापासून थांबलेली नाही.

तिला दोन प्रश्न सारखे विचारले जातात. ह्याचा उपयोग काय? आणि एवढं आवडतं तर तिकडंच का नाही गेलीस? पहिला प्रश्न पाहुणे विचारतात, दुसरा कौतुक करणारे. मला दुसरा जास्त जाचक वाटतो. त्यात असं गृहीत धरलेलं असतं की आवडीच्या गोष्टीला आयुष्यात एकच मानाची जागा आहे, पोट भरायची. ती मिळाली नाही तर माणूस चुकीच्या गाडीत बसला. ती यावर फार शांतपणे बोलते. "मला सिग्नल आवडतात काका, खरंच आवडतात. फूरियर पहिल्यांदा कळला ना, तेव्हा मी रात्री दोन वाजता रूममेटला उठवून सांगितलेलं. मला कुणी जबरदस्तीनं नाही घातलेलं. मला दोन्ही पाहिजे." एवढं बोलून ती पुन्हा कमानींकडं वळते.

दोन्ही पाहिजे, असं म्हणणाऱ्यांची या गावाला नवलाई नसावी. वसंत सरवटे याच कोल्हापुरात १९२७ साली जन्मले. ते इंजिनिअर होते. नोकरी सिमेंट कंपनीत केली. आणि मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर 'ललित' मासिकातला ठणठणपाळ आजही ज्या रूपात उभा राहतो, ते रूप त्यांच्या रेषेनं दिलेलं. दिवसभराचं काम इमारतींच्या मापांचं आणि रेषा अशी मोकळी, माणसाच्या उभं राहण्यातली गंमत एका वळणात पकडणारी. बाबूराव पेंटरांची गोष्ट आणखी वेगळी. कलाशाळेची पायरी न चढलेला, सुतारकामाच्या घरातला हा माणूस नाटकांचे पडदे रंगवायचा. सिनेमा काढायचा ध्यास घेतला तेव्हा कॅमेरा इथंच, स्वतःच्या हातांनी, सहकाऱ्यांना घेऊन बनवला, आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. ब्रश आणि कानस एकाच हातात. गोव्याचे मारिओ मिरांडा इतिहासाचे पदवीधर. चित्रकलेचं रीतसर शिक्षण नव्हतं, लहानपणापासून रोजनिशीच चित्रांतून लिहीत होते. ही नावं मी तिच्यापुढं ठेवतो ती 'तूही तशी होशील' असं सांगायला नाही. तिला तसं व्हायचंय की नाही हे तिनं अजून ठरवलेलं नाही आणि ठरवायची घाईही नाही. पण एका माणसात दोन कामं नांदतात, याला इथल्या मातीत पुरावा आहे, हे तिला ठाऊक असलेलं बरं.

फोन वाजतो. आई. ती पेन्सिल कानावर खोवते. "हां आई… घाटावर… हो, नऊला परत अभ्यासाला बसते… खाल्लं… अगं हो, करते म्हटलं ना डिझाइन, पेपर झाल्यावर." चुलतबहिणीच्या लग्नाची पत्रिका. चित्र काढणाऱ्या पोरीकडं घरून आणि कॉलेजमधून अशी कामं सतत येतात: गॅदरिंगचा पडदा, मेंदी, ज्युनिअरच्या असाइनमेंटमधल्या आकृत्या. ती काही करते, काही नाकारते. रविवारच्या सकाळच्या या दोन तासांत मात्र कुणाचंही काम नाही, हे तिनं घरी सांगून ठेवलंय. हे दोन तास आकाशातून पडत नाहीत. शनिवारी रात्री मैत्रिणी पिक्चरला जातात तेव्हा ती उद्याचा अभ्यास आज संपवत असते.

ऊन आलं. झाडांमागून ते तिरकं उतरतं आणि अर्ध्या मिनिटात सगळं दृश्य बदलतं. दीपमाळेची एक बाजू उजळते, दगडी हातांच्या सावल्या बाजूला लांब पसरतात. आता घाई आहे, कारण या सावल्या इथं राहणार नाहीत. ती पेन्सिल बदलते, ६बी घेते, आडवी धरते आणि सावल्यांचे आकार आधी टिपून ठेवते. आत काय आहे ते नंतर. एकदा ठरवलं की सावली इथं, मग ऊन कितीही सरको, चित्रातली सावली हलवायची नाही. हे ती कुणाकडून शिकलेली नाही. याच दीपमाळेला ती पुन्हा पुन्हा येऊन बसली आहे, तेव्हा हे तिच्या हाताला कळलंय.

पाण्यातलं प्रतिबिंब अवघड आहे. नवखा माणूस वरचं चित्र तसंच्या तसं उलटं करून खाली ठेवतो. ती तसं करत नाही. उन्हातली दीपमाळ जेवढी उजळ आहे, पाण्यातली तिच्यापेक्षा थोडी गडद. आणि पुलाची काळी कमान पाण्यात मात्र किंचित फिकट. लाट आली की उभी रेघ तुटते, आडवे तुकडे होतात. ती तुकडे काढते आणि मध्ये कागद मोकळा सोडते. तो मोकळा कागद बघता बघता पाणी होतो. मी इतक्या जवळून बघतोय तरी कोणत्या क्षणी झालं ते मला सांगता येणार नाही.

मग पान उलटून ती माणसांकडं वळते. इथं माप घ्यायला वेळ नाही. धुणं धुणारी मावशी वाकते, पिळा उचलते, डोक्यावरून नेऊन दगडावर आपटते, परत वाकते. ती सगळ्यात आधी पाठीची एकच वळणदार रेघ टाकते, मग उचललेला हात. हात खाली गेला? थांबायचं. तो परत वर येणारच आहे. एकाच कामाच्या फेऱ्या चाललेल्या माणसाला काढणं त्यामुळं सोपं जातं. हवी ती अवस्था थोड्या वेळानं आपोआप परत येते. एकाच पानावर चार मावश्या तयार होतात, एकच बाई चार वेळा. चेहरा कुणालाच नाही, तरी धुणं किती जड होतं ते प्रत्येकीच्या कमरेत दिसतं. यातलं काहीही बुधवारच्या पेपरात येणार नाही. नोकरीच्या मुलाखतीतही कुणी विचारणार नाही. काहीजण मुलांना समजावतात की चित्र काढल्यानं एकाग्रता वाढते, अभ्यासाला मदत होते. होतही असेल. पण मावशीची पाठ बघण्यासारखी आहे म्हणून ती बघतेय, आणि मला ते कारण पुरेसं वाटतं. अभ्यासाच्या चाकरीला लावल्याशिवाय चित्राला आपण घरात घेणार नसू, तर त्या एलिमेंटरीच्या तांब्यापुढं आपण कधी गेलोच नाही.

तालमीतली पोरं पाण्यातून बाहेर आलीत. अंगातून वाफा निघतायत, केसांतून पाणी गळतंय. वही दिसल्यावर तिघंही पायऱ्या चढून येतात. मी हातानं खुणावतो, लांबून, पाणी पडेल. ती पान मागं उलटते. मघाशी उडी मारताना टिपलेला एकजण तिथं आहे, हवेत, गुडघे पोटाशी.

"ह्यो मी हाय?"

"तूच."

"माझं खांदं असलं न्हाईत, ताई," तो गंभीरपणे म्हणतो. "रोज दोनशे जोर काढतोय."

बाकीचे दोघे हसतात, पण ती हसत नाही. ती त्याच्या खांद्यांकडं नीट बघते. मग चित्राकडं. "बरोबर आहे तुझं," ती म्हणते. "खांदे अरुंद झालेत. उडीत हात पुढं होते म्हणून मला तसे दिसले." ती घड्याळ बघते. नऊला पंचवीस मिनिटं कमी. नोट्स सॅकमध्ये आहेत, हॉस्टेल वीस मिनिटांवर. ती नवं पान काढते. मागून कुणाच्या तरी शीटचा अर्धा शंकू दिसतोय.

"उभा राहा इथं, उन्हात. पाच मिनिटं. हलायचं नाही."

"थंडी वाजाय लागलीया की!"

"मग टॉवेल घे खांद्यावर. नको, नको, घेऊ नकोस, खांदे झाकतील. हनुवटी वर. आणि तुम्ही दोघं बाजूला सरा, त्याच्यावर सावली पडतेय."

दोघं सरकतात. एकजण मोबाइलवर टायमर लावतो आणि मोठ्यानं मिनिटं मोजायला लागतो.